खालची खाट

लाल बॅग माझ्या लाँड्रीच्या खुंटीवर दोन पावसाळे लटकत होती. तिच्या मालकाने कपडे धुवायला टाकले, समोरच्या गाडीवर केळं घातलेली रोटी खाल्ली आणि तो परत आलाच नाही.

*

साटोच्या उग्र वासाच्या शेंगा खाल्ल्या की माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत लपत नाही.

*

"फिरायला? कुणाकडे?" माझा थोरला भाऊ.

*

वाळू धुऊन जात नाही. ती खिशांच्या शिवणीत बसते आणि नंतर मोरीत उतरते. दक्षिणेतली सगळी बेटं थोडी थोडी माझ्या मोरीत आहेत.

*

हॉस्टेलच्या दाराशेजारच्या पाटीवर बाकीचे नियम इंग्रजीत होते. शेवटचा एकटाच थाईत.

*

"यू गो वेअर, मॅडम?"

*

हे शेवटचं हेमदादाने विचारलं. हेमदादा होडीवाला, माझ्याइतकाच काळा, माझ्याइतकाच दक्षिणेचा. पण माझ्या पाठीवरची लाल बॅग दिसली आणि त्याच्या तोंडून इंग्रजी निघालं. भाडंही त्याने इंग्रजीच सांगितलं, दुप्पट.

"दादा, डोळे तपासून घ्या," मी आमच्या बोलीत म्हणाले. "कांतांगची नुई आहे मी. गोऱ्यांचे कपडे धुते."

तो एवढा हसला की होडी डुलली. "अगं बये! मला वाटलं फिलिपिन्सची असेल कुणी. एवढं बोचकं घेऊन कुठं पळालीस? नवऱ्याने हाकललं?"

"नवरा नाही."

"मग कुणी हाकललं?"

"कुणी नाही. फिरायला निघालेय."

"कुणाकडे?"

घ्या. परत तेच. आमच्याकडे माणूस कुठे जात नाही, कुणाकडे तरी जातो. कोह मूकला मी आईच्या मावसबहिणीकडे होते, कोह लिबोंगला शेजारणीच्या माहेरी. दोन्हीकडे मला ताट उचलू दिलं नाही आणि समुद्रावर एकटीला जाऊ दिलं नाही. बरोबर कायम एक मावशी, एक कडेवरचं मूल आणि लग्न का केलं नाहीस हा प्रश्न. दोन बेटं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितली.

म्हणून हे बेट. नाव सांगत नाही, फुकट जाहिरात होईल. इथे माझं कुणीही नाही. ज्यांचे कपडे मी वीस वर्षं धुतले ते जसे झोपतात तसं मला एकदा झोपायचं होतं: पैसे द्यायचे, अनोळखी लोकांत खाट घ्यायची, बॅग खाली सरकवायची. इथे जमलं तर पुढे पाक बारा, मग सातून, सगळा किनारा. नाही जमलं तर शेवटची होडी, आणि दारात भाऊ: घेतलं का कुणी तुला?

*

हॉस्टेलच्या काउंटरवर डोक्याला गुलाबी रुमाल बांधलेली मुलगी होती. रुसनी. तीही बॅगेशी इंग्रजीत बोलायला लागली आणि माझं तोंड बघून थांबली.

"ताई, तुम्ही इथल्याच?"

"कांतांगची."

"अय्या, माझी आत्या असते तिथे! मासळी बाजारामागे."

"ती पांढऱ्या मांजराची? ओळखते की. खाट दे बघू एक. खालची. माझे गुडघे वर चढायचे नाहीत."

तिचं हसू गेलं. तिने हळूच पाटीकडे बघितलं. शेवटची ओळ: थाई पाहुणे घेतले जात नाहीत. ज्यांना वाचता येईल त्यांच्याचसाठी लिहिलेलं.

"जागा नाही का?"

"जागा आहे, ताई."

"मग?"

"मालक म्हणतात, आपले लोक आरडाओरडा करतात. पितात. एका खाटेचे पैसे देतात आणि सगळं घर आणून झोपवतात."

"आणि गोरे काय पोथी वाचत झोपतात? पोरी, त्यांच्या चादरी मी धुते. त्या चादरींतून काय काय खरवडलंय ते तुझ्या आत्यासमोर सांगता येणार नाही."

ती फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात. मग तिने मालकाला फोन लावून काउंटरवर ठेवला. मालक कोमकृत, राहणार बँकॉक. आवाज पाकात घोळलेला.

"मॅडम, प्लीज वाईट वाटून घेऊ नका. आमच्या विदेशी पाहुण्यांना एक विशिष्ट वातावरण लागतं."

"कसलं?"

"म्हणजे... प्रवासाचं."

"मीही प्रवासातच आहे. बॅग पण आहे."

"मॅडम, समजून घ्या ना."

"समजलं म्हणूनच बसते," मी म्हणाले आणि ओळखपत्र काउंटरवर ठेवलं. "हे इथेच राहू दे. खाट मिळाली की उचलते."

*

(इथे मी रडले असेन असं ज्याला वाटतं त्याने हे पान उलटावं.)

*

पायाची वाळू धुवायच्या रांजणाशेजारी बाकडं होतं. त्यावर मी मांडी ठोकली आणि आईने दिलेली साटोची जुडी सोडली. चिकट भात, खाऱ्या कोळंबीची चटणी, साटोचे हिरवे दाणे. वारा समुद्राकडून आत वाहत होता. त्याला मी सांगितलं नव्हतं.

एक एक गोरा नाक वर करून बाहेर आला. गॅस गळतोय का, असं एकाने विचारलं. एक उंच डच बाई शेजारी बसली, इंगा तिचं नाव. तिने एक दाणा चावला, डोळे मिटले, आणि दुसरा मागितला. रुसनीने तिला सगळं सांगितलं तशी ती ताडकन उठली.

"माझी खाट घ्या! मी वाळूत झोपेन. मला आवडतं."

रुसनीने भाषांतर केलं. मी म्हणाले, "तिला सांग, तुझी खाट तुझ्याकडेच ठेव. मला माझी हवीय."

इंगाने यावर बराच विचार केला आणि आणखी एक दाणा घेतला.

उन्हं उतरली. धक्क्यावरून हेमदादाने हाक मारली.

"नुई! शेवटची फेरी! चल, माझ्या घरी उतर. बायको बांगडे तळतेय."

बांगड्यांचं ऐकून मी बाकड्यावरून अर्धी उठले. खोटं कशाला बोलू.

"दादा, तुम्ही जा!"

"अगं, वेडी का काय? रात्र कुठे काढशील?"

"इथेच!"

"घेतलं का त्यांनी?"

"घेतील!"

इंजिन खोकलं आणि होडी गेली. आता परत जायची सोय नव्हती. मला एकदम बरं वाटलं.

*

अवघड झालं ते पुढेच. रुसनी काउंटरमागून बाहेर आली, माझ्यासमोर उकिडवी बसली.

"ताई, टाकीमागे माझी खोली आहे. लहानशीच. पण चटई धुतलेली आहे, डासांची जाळी आहे. माझ्याकडे या. आत्याला कळलं की मी तुम्हाला बाहेर बसवलं तर ती मला उभं करणार नाही दारात."

कोमकृतला नाही म्हणणं सोपं होतं. हिला नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडे जेवत्या ताटावर पाणी ओतणं.

"रुसनी, तुझ्या चटईवर मी पाहुणी होईन. सकाळी तू माझ्यासाठी भात टाकशील, मी तुझी भांडी घासायला धडपडेन, तू घासू देणार नाहीस. आयुष्यभर मी कुणाची तरी पाहुणी नाहीतर मोलकरीण. मला एकदा गिऱ्हाईक व्हायचंय. एवढंच मागतेय. मी पैसे देणार, तू खाट देणार, आणि उद्या आपण एकमेकींना विसरलो तरी चालेल."

तिने उठून रांजणातल्या पाण्याने पाय धुतले. मग आत गेली. मी तिच्या मागे.

तिने ओळखपत्र उचललं. "असं करू. मालकांना सांगते, ओळखलंच नाही. बॅग बघून फिलिपिन्सच्या वाटल्या. तसंच लिहिते."

"नाही."

"ताई, माझी नोकरी..."

"कळतंय. म्हणून तू लिहू नकोस. पेन दे, मी लिहिते. विचारलं तर सांग, बाई अंगावर आली."

"तुम्ही कुठे अंगावर आलात?"

"येऊ?"

ती हसली, पण पेन दिलं नाही. तिने ओळखपत्राकडे बघत एक एक अक्षर लिहिलं. नाव. गाव, कांतांग. देश विचारला होता तिथे तिने जरा दाबूनच लिहिलं, थाई अक्षरांत. मग माझ्याकडून पैसे घेतले, मोजले आणि सुट्टे परत केले.

"खालची ना, ताई?"

"खालची."

खाट खिडकीजवळ होती. मी चादर झटकली, बॅग खाली सरकवली आणि दिवा चालू असतानाच पाय ताणले. वरच्या खाटेवरून इंगाचं डोकं खाली लोंबलं. तिने काहीतरी विचारलं, बहुधा कुठून आलात, किंवा कुठे चाललात. मी दोन्हींचं उत्तर दिलं. तिच्या तोंडाला साटोचा वास येत होता.

खिडकीबाहेर गुलाबी रुमालवालं कुणीतरी पाटी उतरवत होतं. खिळा निघताना कुरकुरला.

*

पाटीवरची थाई ओळ रुसनीच्याच हातची होती, सकाळी तिनेच सांगितलं. कामाला लागली त्या पहिल्या दिवशी मालकाने तिच्याकडून लिहून घेतली होती.