उलटलेलं जहाज आणि न सापडणारी डिस्क

सासऱ्यांच्या आत्मचरित्राचं शेवटचं वाक्य टाइप करून जावयाने सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या फुंकरीनेच विझल्यासारखा कॉम्प्युटर बंद पडला. पडदा काळा, पंखा गप्प.

सासरे जन्मभर जहाजावर आचारी होते. हातची चव तिकडेच राहिली, घरी आल्या त्या नुसत्या गोष्टी. दर रविवारी ते सांगत आणि जावई टाइप करी. पुस्तक संपलं की रविवार आपला, या एका आशेवर त्याने कितीतरी वादळं आणि देवमासे निमूट गिळले होते.

"गेलं का सगळं?" सासऱ्यांनी विचारलं. आवाजात दुःख औषधालाही नव्हतं. "हरकत नाही, जावईबापू. मला तोंडपाठ आहे. घ्या पहिल्यापासून. माझा जन्म झाला तेव्हा समुद्र..."

"थांबा हो बाबा!" जावई घाईघाईने कॉम्प्युटरकडे वळला.

बंद का पडला ते चटकन कळलं. बायकोचं केस कापायचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, आणि कॉम्प्युटर तिथेच, आरशाखालच्या फळीवर. बाजूचं झाकण काढलं तर पंख्याला गिऱ्हाइकांच्या केसांचा एवढा बुचका, की एखाद्या टकल्याची सोय झाली असती. पंखा अडला, यंत्र तापलं, बसलं. जावयाने चिमट्याने केस उपसले, ड्रायरची गार हवा मारली.

"उरलेलं मी बघते," बायको म्हणाली. "तुम्ही आधी आंघोळ करा. अस्वल झालंय तुमचं."

तो अंग पुसत आला तोवर तिने झाकणसुद्धा लावून टाकलं होतं आणि एक गिऱ्हाईक खुर्चीत बसवलं होतं. त्या बाईंच्या पायांवरून हात घालून त्याने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. जावयाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला. पडद्यावर अक्षरं होती: हार्ड डिस्क सापडली नाही.

बंद करून परत चालू केलं. तेच. सेटिंगच्या पानात शिरला. की-बोर्ड होता, माऊस होता, डिस्कच्या जागी कोरी ओळ. शेवटी त्याने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मित्राला फोन लावला.

"डब्याला कान लाव. डिस्क घरघरतेय?"

"घरघरतेय."

"म्हणजे जिवंत आहे, नुसती बोलत नाही. झाकण काढ आणि तारा बघ."

"मुळीच नाही," बायको कडाडली. "ताईंच्या डोक्याला रंग लावलाय. तो सुकेपर्यंत त्या उठणार नाहीत आणि तुम्ही त्यांच्या पायांत घुसणार नाही."

म्हणजे बसणं आलं. सासऱ्यांना एवढी फट पुरे होती. "वादळाचं घेऊ या," म्हणत ते सरसावले. "जहाज झालं पालथं. चुलीवर सुपाचं पातेलं. मी धरले पातेल्याचे कान आणि जहाज फिरेल तसा फिरलो. गरगर फिरून जहाज उभं राहिलं. एक थेंब सांडला नाही!"

रंग लावलेल्या ताई खो खो हसल्या. हसला जावईसुद्धा. मग त्याला आठवलं. "बाबा, मी टाइप केलं त्यात अर्धं सांडलं होतं."

"सांडवलं," सासरे म्हणाले. "तुम्ही सारखे घड्याळाकडे बघत होता. म्हटलं, पोराला जायचं असेल कुठे, आवरतं घ्यावं. कप्तानाचं तर मी काढलंच नाही."

जावयाने मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. ऐकताना बोटं रिकामी असण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

ताई गेल्या. त्याने झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला. आतल्या सगळ्या तारांची कशी घट्ट, चापूनचोपून तीनपेडी वेणी घातलेली, टोकाला रबर.

"अगं, हे काय?"

"किती गुंता होता तो! मला बघवेना."

"वेणी घातली की लांबी कमी होते, हे तुला मी सांगायचं?"

बायकोने जीभ चावली. "केसांची होते. तारांचीही होते, हे कुणाला माहीत!"

ओढ बसून डिस्कची लाल केबल अर्धी निसटली होती. जावयाने वेणी सोडली, केबल दाबून बसवली, बटण दाबलं. डिस्क आली, जन्मापासूनच्या सगळ्या पानांसकट. त्याने आधी सगळ्याची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली.

"आलं म्हणायचं सगळं," सासरे उठत म्हणाले. "बरं झालं. सुटलात."

खांद्यावर टॉवेल टाकून ते आतल्या खोलीकडे निघाले. जावयाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्या पाठीकडे.

"बाबा, कप्तानाचं राहिलं."

"त्याला वेळ लागेल हो."

जावयाने की-बोर्ड बाजूला सारला आणि गिऱ्हाइकाची खुर्ची त्यांच्याकडे फिरवली. "लिहिणं पुढच्या रविवारी. आज नुसतं सांगा."

सासरे खुर्चीत ऐसपैस टेकले.

"तर," ते म्हणाले, "कप्तान छताला उलटा लटकलेला, तोंडात माझ्या सुपाचा चमचा, आणि म्हणतो कसा, मीठ कमी आहे!"