दांडी सुटली तेव्हा

दादाच्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली तेव्हा घरात कुणी त्याला आजार म्हटलं नाही. गारठ्याने होतं, झोप पुरत नाही, असं म्हणत बरेच दिवस ढकलले. मग एका कार्यक्रमात, गाणं ऐन रंगात आलेलं असताना, करंगळी तारेवरून उचललीच गेली नाही आणि गिटारमधून कुत्र्याने कण्हावं तसा आवाज निघाला. लोकांना वाटलं, आवाजाचं मशीन बिघडलं. दादाला मात्र काय ते कळलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी धाकट्या भावाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात उगाचच एक घडी केलेला टॉवेल. म्हणाली, "भाऊजी, त्यांचा हात बरा होईपर्यंत तुम्ही वाजवा. फक्त कुणाला कळू देऊ नका."

धाकटा हो म्हणाला. नाही म्हणायचं त्याच्या मनातही आलं नाही. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याला वाढवलं दादाने आणि गिटारही शिकवली दादानेच. पुढे पुढे त्याचा हात दादापेक्षा सफाईदार झाला, आणि ते दादाच चारचौघांत कौतुकाने सांगायचा. पण पोस्टरवर चेहरा दादाचा होता. हॉलच्या मॅनेजरने तर तोंडावरच सांगितलं की लोक तिकीट काढतात ते यांना बघायला, तुम्हाला कोण ओळखतं.

तेव्हा मॅनेजर आणि साथीदार तेवढे विश्वासात घेऊन ठरलं ते असं. दादाने गळ्यात गिटार अडकवून स्टेजवर उभं राहायचं. तिला केबल लावलेली, पण ती कुठेच न जाणारी. मागे, काळ्या पडद्याच्या आड, स्टुलावर धाकट्याने बसायचं, तसल्याच दुसऱ्या गिटारसकट. आवाज त्याचा, वाजवणं त्याचं. पडद्याला जोडावर एक फट होती, तिच्यातून त्याला दादाचा उजवा हात दिसायचा. तेवढा दिसला की पुरे.

कारण लोक यायचे ते त्या उजव्या हातासाठी. गिटारच्या घोडीत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीत, एक वाकडी लोखंडी दांडी पेचाने बसवलेली असते. ती दाबली की घोडी पुढे कलते, तारा सैल पडतात आणि सूर खाली घसरतो. सोडली की पाठीमागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा घोडीला ओढून जागेवर आणतात. दादा ती दांडी दाबायचा तेव्हा सूर कुणी विहिरीत उतरत जावं तसा खाली खाली जायचा, तळाशी थरथरायचा आणि वर यायचा तेव्हा हॉलमधल्या माणसांनी रोखलेला श्वास सुटायचा. ते सगळं आता धाकट्याला फटीतून बघून करावं लागे. दादाचा हात दबला की आपला दाबायचा, थरथरला की थरथरवायचा. दोन्ही दांड्यांचा ताण सारखा नसेल तर अंदाज चुके. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तो दोन्ही गिटारी पालथ्या घालून बसायचा. मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे पेच थोडे आवळायचे की सूर चढे, मग तारांचा सूर उतरवायचा. तो उतरवला की घोडी खाली बसे, मग पेच थोडे सैल करायचे. हे कितीही वेळ चाले. बिनआवाजाच्या गिटारला एवढं कशाला, असं त्याने एकदा विचारलं होतं. दादा म्हणाला होता, ऐकू येत नाही म्हणून बेसूर ठेवायची का.

हात बरा झाला नाही. डॉक्टरांनी हात टेकले आणि दुसरं वर्षही उलटलं. मधे एका स्टुडिओतून धाकट्याला बोलावणं आलं. दुसऱ्या शहरात, रोजचं काम, आणि तिथे समोर बसून वाजवायचं होतं. त्याने वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, जा की, मी कोण अडवणारी. त्या दिवशी तिने ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. दादा काही बोलला नाही. आपण बोललो तर हा राहील आणि न बोललो तरी राहील, हे त्याला ठाऊक असावं. धाकट्याने स्टुडिओला नकार कळवला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. वहिनीने मात्र त्याच्या आवडीची भाजी केली, त्याचा त्याला जास्त राग आला.

पडद्यामागे उकडायचं. धूळ नाकात जायची, पण शिंकायची सोय नव्हती. गाणं संपलं की टाळ्यांचा आवाज पडद्यावर येऊन आपटायचा आणि पडदा हलायचा, एवढंच त्याच्या वाट्याला यायचं. मध्यंतरात ड्रमवाला त्याला गुपचूप पाणी आणून द्यायचा आणि डोळ्यांनीच विचारायचा, चाललंय ना. धाकटा मान हलवायचा.

दांडी ज्या भोकात बसते त्याच्या तळाशी एक चिमुकली स्प्रिंग असते, मुगाच्या दाण्याएवढी. ती दांडीला खालून रेटून धरते, म्हणून दांडी फिरवावी तिथे थांबते. ती नसली तर दांडी लुळी पडते, आणि पेचही अर्धवट फिरवलेला असला तर चक्क हातात येते. एका दुपारी धाकट्याने दादाच्या गिटारमधली ती स्प्रिंग चिमट्याने काढली आणि खिशात टाकली. दांडी नावापुरती अडकवली. एकदा हात खिशाकडे गेला, पण त्याने ती परत लावली नाही. दांडी गळून पडेल, मागून सूर चालूच राहील आणि सगळ्या जगाला कळेल. मग काय व्हायचं ते होवो.

त्या संध्याकाळी हॉल भरलेला होता. नेहमीच्या गाण्यात दादाने हात दांडीवर नेला, दाबली आणि दांडी निसटून त्याच्या मुठीत आली. धाकट्याने फटीतून पाहिलं. त्याचा स्वतःचा हात थांबू पाहत होता. त्याने तो थांबू दिला नाही. दादाने दांडी धरलेला हात सावकाश वर नेला, आणि मागून धाकट्याचा सूर खाली उतरतच राहिला. तळाशी गेला, थरथरला. हॉलमध्ये कुणी जागचं हललं नाही.

आता लोकांना कळलं, असं धाकट्याच्या मनात आलं आणि छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटलं.

मग कुणीतरी शिट्टी मारली. पाठोपाठ सगळा हॉल उठून उभा राहिला. दांडी गिटारपासून वेगळी करून नुसती हवेत धरायची आणि तरीही सूर हलवायचा, ही लोकांना दादाची नवीन करामत वाटली होती. टाळ्या थांबेचनात. कार्यक्रमानंतर मॅनेजर मागे आला तो उडतच. हे आता दर वेळी हवं, म्हणाला, आणि दांड्यांचा एक डबाच मागवायला सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आपणहून धाकट्याच्या खोलीत आला. कित्येक महिन्यांत आला नव्हता. खुर्चीवर बसला, डावा हात मांडीवर ठेवून उजव्याने चोळत राहिला.

"स्प्रिंग तू काढलीस," तो म्हणाला.

"हो."

"बरं केलंस. दांडी हातात आली तेव्हा मला वाटलं, सुटलो. हात वर केला तो लोकांना थांबवायला. सांगणार होतो, वाजवणारा मागे बसलाय म्हणून. तोंड उघडलं, तेवढ्यात टाळ्या पडल्या."

"टाळ्या थांबल्यावर सांगायचंस."

दादाने खिडकीकडे पाहिलं. "एवढ्या टाळ्या मला माझा हात चांगला होता तेव्हाही कधी पडल्या नव्हत्या रे," तो म्हणाला.

रागवावं तर समोर बसलेला माणूस धाकट्याइतकाच अडकलेला होता, आणि तोही सगळ्यांसमोर उजेडात. पुढच्या कार्यक्रमात नक्की सांगतो, असं दादा उठताना म्हणाला. दारापाशी थांबून परत एकदा म्हणाला. धाकट्याने विश्वास ठेवला, कारण दादाने आजवर त्याला दिलेला शब्द मोडला नव्हता.

पुढच्या कार्यक्रमाला लोक दाराबाहेरही उभे होते. गाणं आलं. दादाने दांडी दाबली, फिरवली, काढून घेतली आणि हात वर नेला. हॉल उभा राहिला. दादाने मान वळवून पडद्याच्या फटीकडे पाहिलं. धाकट्याला त्याचे डोळे दिसले. ओठ हललेही. पण समोरून टाळ्यांची लाट आली तसा दादा पुन्हा लोकांकडे वळला आणि वर धरलेली दांडी हळूहळू हलवायला लागला.

ती हलेल तसा सूर हलवणं भाग होतं. धाकट्याने आपली दांडी दाबून धरली. स्प्रिंगा मनगटाला मागे ओढत होत्या, घाम डोळ्यांत उतरत होता. दादाचा हात खाली येईपर्यंत त्याला सोडता येणार नव्हती, आणि टाळ्या होत्या तोवर दादा हात खाली आणणार नव्हता.