बोटीचं रेलिंग

"आधी चहा घ्या, मग बघू," म्हणत मुरलीधर साळवींनी देविका प्रधानने आणलेल्या चादरीची गाठ सोडली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. चादरीत स्टीलचे तीन वाकडे पाइप होते. त्यातला एक बुडापासून तुटलेला होता, आणि काम त्यांचं स्वतःचं होतं.

आपलं काम ओळखायला साळवींना वेळ लागत नसे. नोएडातल्या त्यांच्या शेडमधून तीस वर्षांत बाल्कन्यांची, जिन्यांची, दोन नर्सिंग होम्सच्या रॅम्पची रेलिंगं गेली होती. रस्त्याने जाताना कुठल्याही इमारतीकडे बोट दाखवून ते बायकोला "हे आपलं" म्हणायचे. लतिकाबाई त्याला इतक्या कंटाळल्या होत्या की आताशा त्या वर बघतच नसत. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला, दिल्लीतच वाढलेला हा माणूस. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही मेहुणीच्या लग्नाला मुंबईला गेला तेव्हा.

अशा माणसाकडे शिडाच्या बोटीचं रेलिंग करायला यावं, ही गंमतच होती. देविका आणि दीनानाथ प्रधान मूळचे पुण्याचे, नोएडात आयटीतल्या नोकऱ्या. एक जुनी बोट घेऊन त्यांनी मुंबईला ठेवली होती आणि सुट्टी मिळाली की तिकडे पळायचे. दुसऱ्या एका बोटीची धडक बसून तिच्या कडेचं रेलिंग वाकलं. मुंबईत बोटींची कामं करणारे काय कमी होते? पण प्रधानांच्या बाल्कनीचं रेलिंग साळवींनी केलेलं, आणि दिल्लीत मराठी बोलणारा कारागीर मिळाल्याचं दीनानाथना कोण कौतुक! "घरचा माणूस सोडून कुठे जाऊ, काका?" म्हणाले होते. वाकलेले पाइप ट्रेनने आले, नवे ट्रेनने गेले. साळवींनी ते असे चकचकीत केले होते की दीनानाथनी त्यात बघून केस सारखे केले.

"तुटलं कसं हे?" साळवींनी विचारलं.

समोर बसलेल्या देविकाने चहाचा कप खाली ठेवला.

"दीनानाथ गेला, काका. नोव्हेंबरमध्ये."

साळवी उभे होते ते स्टुलावर बसले. देविका सरळ आवाजात बोलत होती. हे तिला खूपदा सांगावं लागलं असणार.

"वारा एकदम मस्त होता. मी त्याचा फोटो काढत होते. शीड फ्रेममध्ये येत नव्हतं, म्हणून मीच म्हटलं, जरा मागे सरक. तो रेलिंगला टेकला. आणि मग नव्हताच."

"पोहायला यायचं ना त्यांना?"

"यायचं. पण पडताना डोकं आपटलं. तीन तासांनी सापडला." ती थांबली. "मानस म्हणतो, तुझ्या फोटोपायी बाबा गेला. पुण्याला असतो तो. चार महिने झाले, माझा फोन उचलत नाही. ठीक आहे, बिल्कुल बरोबर आहे त्याचं. मीच म्हटलं ना, मागे सरक."

"चौकशी वगैरे..."

"झाली. ॲक्सिडेंट म्हणून फाइल बंद. आता मला बोट विकायचीय, आणि तुटक्या रेलिंगची बोट कोण घेणार? तुम्ही फक्त नवीन करून द्या. बस."

साळवींनी तुटका पाइप उचलून खिडकीशी नेला. टेकल्याने पाइप वाकतो, असा तुटत नाही. त्यांनी चष्मा पुसून तुटलेल्या कडेत पाहिलं. वेल्डिंगच्या अगदी शेजारी तपकिरी भोकं पडली होती. काडी जाईल एवढी.

"तुम्ही बसा, मी आलोच," म्हणून ते मागच्या टेबलाकडे गेले.

समुद्राला वेगळं स्टील लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. मागवलंही तेच होतं. "वही माल है साळवीजी, आँख बंद करके लगाओ," वीस वर्षांच्या ओळखीचा पुरवठादार म्हणाला होता. साळवींनी पाइपाला चुंबक लावला, तो चिकटला नाही, काम सुरू केलं. साऱ्या दिल्लीत हीच परीक्षा चालते: चुंबक चिकटला नाही की माल चोख. पण हलक्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, हे प्रत्येक नव्या कामगाराला सांगणारे साळवीच! त्यासाठी स्टीलची जात ओळखणाऱ्या थेंबांची वेगळी बाटली असते. ती तेव्हाही फळीवर होती. दिवाळीची घाई होती, प्रधानांची गाडी दुसऱ्या दिवशीची होती, आणि बाटली फळीवरच राहिली.

आज त्यांनी ती काढली. पाइप घासला, एक थेंब टाकला, बॅटरीच्या तारा टेकवल्या. थेंब लाल झाला. म्हणजे हलका माल. त्यांनी दुसऱ्या जागी घासलं. लाल. दुसरा पाइप घेतला. तोही लाल. कुणाच्या जिन्यावर हा पाइप वर्षानुवर्षं बिनतक्रार उभा राहिला असता. खाऱ्या पाण्याने तो तेरा महिन्यांत खाल्ला होता.

आणि हे कळल्यावरही साळवींच्या मनात आलं की नवीन रेलिंग उत्तम करून द्यावं, हे तुकडे भंगारात घालावेत, कुणाला काय कळणार? बाई तर स्वतःच दोष घेऊन बसली आहे. कुठल्या भंगारवाल्याला द्यायचे, इथपर्यंत विचार जाऊन पोचला, तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली.

पाइप घेऊन ते देविकासमोर आले.

"ताई, हे तुमच्यामुळे नाही झालं."

"काका, प्लीज. सगळे हेच म्हणतात."

"ते समजूत घालतात. मी नाही घालत. पाइप चुकीचा होता. तपासून लावायचा असतो, मी तपासला नाही." त्यांनी लाल डाग दाखवला. "हे आतून खाल्लं गेलं होतं. तुम्ही फोटो काढला नसता तरी तुटलं असतं. कुणीही टेकलं असतं तरी."

देविका त्या डागाकडे बघत राहिली.

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय बोलताय?"

"हो."

"चार महिने!" ती ताडकन उठली. कप लवंडला. "चार महिने मी डोळे मिटले की स्वतःचाच आवाज ऐकतेय, मागे सरक, मागे सरक. आणि तुम्ही इथे रोज रेलिंगं बनवत होतात!"

शेडमधले ग्राइंडर एकामागून एक बंद झाले. कामगारांना मराठी येत नव्हती, पण झालं ते समजायला मराठी लागत नव्हती.

"हो," साळवी म्हणाले.

देविका पर्स उचलून निघाली. फाटकापर्यंत गेली आणि थांबली. मागे न वळता म्हणाली, "मानसला सांगाल? आत्ता सांगितलंत तसंच?"

"सांगतो."

"माझ्या नंबरवरून नाही उचलणार."

तिने आकडे सांगितले. साळवींनी ते आपल्या फोनवर लावले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा घंटी वाजली.

"हॅलो, कौन?"

"मी नोएडाहून मुरलीधर साळवी बोलतोय. तुमच्या बाबांच्या बोटीचं रेलिंग मी केलं होतं. चूक माझी होती. ती सांगायला फोन केलाय."

मानसने फोन ठेवला नाही. साळवी उभ्यानेच पहिल्यापासून सांगू लागले. देविका फाटकाशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती.