कायद्यातला एक शब्द

माझी थोरली बहीण एलुनेद गावच्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. तिची मुलगी मैनिर त्याच पाण्यात वाढली. पंधराव्या वर्षी, आईच्या डोळ्यांदेखत, ती पोहता पोहता थांबली आणि तळाशी गेली. एलुनेदनेच तिला वर काढलं.

आमच्याकडे वेल्समध्ये कुणी अचानक गेलं की चौकशी कॉरोनर करतो. तेव्हाचे कॉरोनर प्यूसाहेब मूळचे वकील. लोकांच्या घरांची खरेदीखतं करता करता मेलेल्यांचंही बघायचे. मैनिरच्या फुप्फुसात पाणी सापडलं, तेवढं त्यांना पुरलं. पोरगी बुडणारी नव्हती, आधी काहीतरी झालं असणार, तिचं हृदय तज्ज्ञाकडे पाठवा, म्हणून एलुनेदने परोपरीने सांगितलं.

"बाई, पट्टीचे पोहणारेही बुडतात," प्यूसाहेब म्हणाले. "आता तिला शांतपणे जाऊ द्या."

अपघाती मृत्यू, असा निकाल लागला. जगाच्या पोरांना शिकवते आणि स्वतःची सांभाळता आली नाही, असं चॅपलच्या दारात बायका बोलायच्या. एलुनेदने तलावाची नोकरी सोडली.

दोन वर्षांनी तिचा धाकटा मुलगा गेथिन रग्बी खेळताना कोसळला. चेंडू त्याच्या जवळपासही नव्हता. मैदानात पाणी नव्हतं, म्हणून या वेळी हृदय पाठवलं गेलं. त्यात दोष निघाला, रक्तातून येणारा. बहिणीलाही तोच असणार, असं डॉक्टर म्हणाले. आधी कळतं तर खेळ बंद करून, छातीत यंत्र बसवून मुलगा वाचू शकला असता, हे त्यांनी खाली बघत सांगितलं.

मग आमच्या घराण्यात सगळ्यांची तपासणी झाली. दोष माझ्यातही निघाला. यंत्र माझ्या छातीत बसलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी एलुनेदसमोर जायचं टाळत होते. शेवटी तीच आली आणि म्हणाली, "तोंड काय लपवतेस? चल, लंडनला जायचंय."

कित्येक वर्षं आम्ही संसदेत खेटे घातले. मागणी एवढीच होती: तरुण माणूस कारण न कळता गेला, तर कॉरोनरला हृदय तज्ज्ञाकडे पाठवावंच लागेल. समितीपुढे एलुनेदने दोन्ही मरणं सांगितली. एक सभासद रडलासुद्धा.

कायदा झाला. आमच्या खासदारांनी चहापार्टी दिली, तिथे मी कलम वाचलं. 'पाठवावे लागेल' काढून 'पाठवता येईल' घातलं होतं. खासदार समजूत घालू लागले. तज्ज्ञ कमी आहेत, खर्च आहे, पण सुरुवात तर झाली.

एलुनेदने बशी खाली ठेवली. "प्यूला तेव्हाही पाठवता येतच होतं," ती म्हणाली.

खासदारांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला.

गेल्या वसंतात पलीकडच्या दरीतून एका बाईचा फोन आला. मुलगा सायकलवरून पडून गेला होता आणि कॉरोनर म्हणत होता, पडल्यानेच गेला. आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. नवा कॉरोनर तरुण, बोलायला गोड. एलुनेदचं नाव त्याने ऐकलं होतं, तिच्याबद्दल आदर आहे म्हणाला. पण कायद्याने सक्ती नाही.

मुलाला पुरलं, हृदयासकट. त्याच्या मागे एक बहीण आहे. तिची तपासणी लवकर व्हावी म्हणून आमची खटपट अजून चालू आहे.