पात्याखालची कच

काच लख्ख असली की आम्हाला कुणी ओळखही देत नाही. चरा पडला की मात्र बरोबर आठवतो. काचा पुसणारा नवरा आणि काचांपायी आलेल्या शिव्या पुसणारी मी, अशी आमची वाटणी आहे. ह्यांच्या तोंडाला लगाम नाही. एका बाईला सरळ म्हणाले होते, "चरा काचेला नाही, तुमच्या नजरेला पडलाय." तेव्हापासून तक्रार आली की मी जाते.

बहुतेक तक्रारींत दम नसतो. गवंडी सिमेंट उडवतो, रंगारी ते सुरीने खरवडतो, आणि सगळे चरे मळाखाली गुमान झोपून असतात. आम्ही मळ काढला की जागे होतात. मग चोर कोण? ज्याने झोपमोड केली तो. म्हणून काचेला हात लावण्याआधी मालकाला बोलवायचं, काच तिरकी बघायला लावायची आणि सांगायचं, "हा चरा बघा, हा आमच्या आधीचा. नंतर आमच्या माथी मारू नका." ही ह्यांचीच पद्धत. इतकी वर्षं ती कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी शिंप्याने ह्यांना कामाला बोलावलं. त्याने दुकान नवं केलं होतं, काचांवर सिमेंटचे शिंतोडे होते. मी मागाहून पोचले तेव्हा ह्यांनी समोरची मोठी काच करून दिली होती आणि बाजूच्या काचेला शिडी लावत होते. तेवढ्यात ऊन तिरपं झालं आणि मोठ्या काचेवर चरे चमकले.

"वहिनी, हे काय? नव्या नवरीच्या गालावर मांजर सोडलंत की!"

"गवंड्याला विचारा. आमच्या आधीचे असतील."

"मग भाऊंनी आधी दाखवायचे होते. ते आले, हसले, 'हो हो' म्हणाले आणि लागले कामाला."

दाखवले नाहीत? मी काचेवरून नख फिरवलं. नख अडकलं. चरे सरळ, एकमेकांना चिकटून, काच खरवडायच्या पात्याच्या रुंदीचे, आणि शेवटी जरासे वर वळलेले. तो वळसा मी ओळखते. घरी भिंतीला रंग देताना ह्यांचं मनगट असंच वळतं.

तरीही मी भांडले. आमच्यासारख्यांनी आधी भांडायचं असतं. एकदा ऐकून घेतलं की ऐकवणारे वाढतात. "काचच हलकी घेतलीत तुम्ही," मी म्हणाले. "स्वस्तातलं कापड पहिल्या धुण्यात विरतं, हे तुम्हाला मी सांगू?"

शिंपी तोंड उघडणार, तोच बाजूने आवाज आला. कर्रर्र.

पात्याखाली खडा आला की काच ओरडते. त्या आवाजाला ह्या धंद्यातल्या माणसाचा हात आपोआप थांबतो. पातं उचलायचं, पाणी मारायचं, कच धुऊन काढायची, मग पुढे. मला हे ह्यांनीच शिकवलं होतं. "काच कानाने साफ करायची. डोळ्याला दिसेस्तोवर उशीर झालेला असतो."

हात थांबला नाही. तोंडाने शीळ घालत, सावकाश, मायेने हे पातं ओढत होते. कर्रर्र. शिंप्याचे दात आंबले, त्याने गाल धरला. ह्यांनी शेवटी मनगट वळवलं आणि पुन्हा वरून सुरुवात केली.

"अहो," मी म्हणाले. शीळ चालूच.

बायकोचं ऐकू न येणं हा सगळ्याच नवऱ्यांचा आजार, असं म्हणून मी शेजारणींत किती हसले होते! टीव्हीचा आवाज घर डोक्यावर घ्यायचा, तेव्हा लेकीने आणि मी मिळून चिडवलं होतं. फोन वाजला की हे माझ्या हातात द्यायचे. "तूच बोल, तुझी जीभ गोड." मी भुलले. गोड जीभ! माझी!

ह्यांना माहीत होतं. म्हणून तर चरे दाखवणं सोडलं. दाखवले की मालक काहीतरी विचारणार, आणि उत्तर द्यायचं तर आधी प्रश्न ऐकू यायला हवा. मोठ्या इमारतींवर वर्षानुवर्षं पाणी मारायच्या कर्कश पंपाशेजारी उभं केलं ह्यांना. कंत्राटदाराने कापसाचा बोळासुद्धा दिला नाही. काच फुटली तर धावत यायचा मेला. माणसाचा कान फुटला तर कुणाला आवाज येतो?

"चरे आमचेच आहेत," मी शिंप्याला म्हणाले.

तो ह्यांच्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं. "असू दे वहिनी," तो हळूच म्हणाला. "कपड्यांचा पुतळा पुढे सरकवतो, झाकले जातील." मला त्याच्या चांगुलपणाचाही राग आला. तो भांडला असता तर मी उभी तरी राहू शकले असते.

मी शिडी हलवली. ह्यांनी खाली बघितलं, हसले.

"खाली या," मी म्हणाले.

"हो हो, झालंच," असं म्हणून हे परत काचेकडे वळले.

घरी नेऊन सांगायचं होतं मला. दार लावून, जवळ बसून, कुणाला कळू न देता. पण पातं काचेला टेकलं होतं आणि हळू सांगायची सोय आता उरली नव्हती. मी फुटपाथवर उभी राहून छाती फुटेस्तोवर ओरडले, "अहो, ठेवा ते पातं! काच ओरडतेय, तुम्हाला ऐकू येत नाही!"

रस्ता थांबला. समोरचा न्हावी वस्तरा घेऊन दारात आला. शिंप्याने मान खाली घातली.

हे शिडीवर तसेच उभे राहिले. मग खाली उतरले, पातं सदऱ्याला पुसलं, त्याला टोपण लावलं आणि माझ्या हातात दिलं. माझ्याकडे बघेनात.

"जरा हळू सांगायचंस," हे म्हणाले.

हे वाक्य आपण कुजबुजलो, असं ह्यांना वाटलं. सगळ्या रस्त्याने ऐकलं.