साहेबाचं म्हणून हिणवलेलं विटांचं देऊळ

मित्रांनो, मी एक जुने चर्च आहे. साताऱ्याहून कोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती जिथे संपते तिथे लाल विटांचे मी उभे आहे. लोक मला ‘साहेबाचं देऊळ’ म्हणतात. ते ऐकून ऐकून मी अगदी वैतागून गेले आहे. इंग्रज साहेबाने फक्त नकाशा आणला होता. माती कृष्णाकाठची, विटा केरबा कुंभाराच्या भट्टीतल्या आणि कमानी वाईच्या गवंड्यांनी चढवलेल्या. मग मी साहेबाचे कसे?

सुरुवातीला माझे कौतुक फार झाले. दर रविवारी आसपासच्या वाड्यांवरची ख्रिस्ती कुटुंबे येत. मराठीत गाणी म्हणत, झांजा वाजवत. पुढे दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली आणि सरकारने मला धान्याचे कोठार केले. बाके बाहेर गेली, खिडक्यांपर्यंत पोती आली. कौले फुटली ती कोणी बदलली नाहीत. लढाई संपल्यावर पोती गेली, बाके परत आली, उंदीर मात्र राहिले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला. खालच्या आळीतली मातीची घरे एकामागून एक बसली. शमुवेलराव इथले पाळक होते, रविवारची उपासना तेच चालवत. त्यांनी माझी दारे सताड उघडली. माणसे गुरांसकट आत आली. फक्त गावचे पुढारी हंबीरराव भर पावसात पायरीवर उभे राहिले. साहेबाच्या देवळात पाऊल टाकणार नाही, असा त्यांचा हट्ट होता. त्यांची सून भामाबाई पोटुशी होती आणि तिला कळा सुरू झाल्या होत्या. तिने सासऱ्याकडे एकदा पाहिले आणि त्यांना ओलांडून ती आत आली. एका बाकाच्या आडोशाला, लुगड्यांचा पडदा धरून, बायकांनी तिची सुटका केली. मुलगी झाली. तिचे रडणे ऐकून हंबीरराव आत आले.

मला वाटले, आता तरी मी गावाचे झाले. कसले काय!

स्वातंत्र्य आले, साहेब गेले. ख्रिस्ती कुटुंबेही कामधंद्यासाठी पुण्याकडे पांगली. मोजकी घरे उरली. गावाला शाळा बांधायची होती. साहेबाचे देऊळ आता कशाला, ते पाडून त्या विटा वापराव्यात, असे हंबीररावांनीच सुचवले. शमुवेलराव थकले होते. शाळेसाठी म्हणून त्यांनी मान डोलावली. माझे मत कोण विचारणार?

पहारी घेऊन माणसे आली तेव्हा भामाबाई लेकीला कडेवर घेऊन दारात येऊन बसली. हंबीररावांनी तिला घरी जायला सांगितले. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, पण ती उठली नाही.

“आबा, ह्या इटांची माती कुठली?” तिने विचारले.

हंबीररावांनी भिंतीकडे पाहिले. ती माती त्यांच्याच वडिलांनी नदीकाठच्या मळ्यातून दिली होती. गावातल्या म्हाताऱ्यांना ते ठाऊक होते.

“माती आपली, भाजली आपल्या केरबानं. पुरात निवारा आपल्याला मिळाला. साहेबाचं ह्यात काय हाय? शाळा बांधा, मी डोईवरनं माती वाहीन. पर ही पोर जिथं जन्मली ते पाडायचं आसंल, तर आदी मला उठवा.”

 मग हंबीरराव हलक्या आवाजात म्हणाले, “पहारी ठिवा खाली.”

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी असते. पण हंबीररावांना झाल्या गोष्टीची भरपाई करायची होती. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतः उभे राहून माझ्या सगळ्या भिंतींना सिमेंटचा जाड गिलावा मारला आणि वर पिवळा रंग दिला. लाल वीट एकही दिसेना. गिलाव्याला भेगा पडल्या, त्यांतून पाणी आत शिरले. पूर्वी भिजलेली भिंत उन्हात वाळायची. आता ओल आतच कोंडते आणि विटांचा भुगा होतो.

हंबीरराव अजूनही येता-जाता भिंतीवर हात फिरवतात आणि शमुवेलरावांना विचारतात, “पाळकसाहेब, कसं नव्यावानी दिसतंय न्हवं?” शमुवेलराव हसून हो म्हणतात. त्या मायेवर रागावताही येत नाही, याचाच मला जास्त त्रास होतो.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वास्तूवर माया करा, पण हात लावण्याआधी ती कशाची आणि कशी बांधली आहे ते समजून घ्या. मला नवे दिसायचे नव्हते. मला फक्त वाळायला ऊन हवे होते.