कुणाच्या तोंडची ओळ

लिडिया गावित हिंदी सिनेमांसाठी गाणी लिहायची. नवापूरच्या डोंगरपट्ट्यातली, मजुरीवर वाढलेली पोर. घरात मावची बोली, शाळेत मराठी आणि पोटापाण्याला हिंदी. सुरतेला रेडिओच्या जाहिराती लिहिल्या, मग मुंबईत मालिकांचे संवाद. पुढे गाण्यांच्या जन्मकथा सांगणारा तिचा स्वतःचा रेडिओ-कार्यक्रम सुरू झाला आणि त्या ओळखीतून सिनेमाची गाणी मिळत गेली. पहिली आठ-नऊ कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. चाळिशीनंतर लिहिलेलं एक मात्र रिक्षांपासून शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत सगळीकडे वाजलं. त्याचा मुखडा होता, ‘धूप ज़रा धीरे चल, पाँव अभी छोटे हैं.’

यंदा भातलावणीच्या दिवसांत कुणा कॉलेजातल्या मुलीने काढलेला व्हिडिओ पसरला. चिखलात वाकून एक म्हातारी रोपं लावत होती आणि मावचीत गात होती. चाल निराळी, अर्थ तोच : उन्हा, हळू चाल, पाय अजून लहान आहेत. दोन दिवसांत लोकांनी लिडियाला चोर ठरवून टाकलं. निर्मात्याच्या ऑफिसातून फोन आला, की ओळ तुमचीच आहे असं लेखी द्या, नाहीतर तुमचं नाव काढून ‘पारंपरिक’ लिहू.

लिडिया गोंधळून गेली. ही ओळ अंधेरीच्या सिग्नलला रिक्षात सुचली, असं तिने स्वतःच्या कार्यक्रमात सांगितलं होतं. आता आठवायला बसली तर रिक्षा दिसायची, सिग्नल दिसायचा, ओळ सुचल्याचं काही सापडेना. कार्यक्रमात सांगायला काहीतरी हवं, म्हणून आपणच ते रचलं होतं की काय?

तिने आईला, एस्तेरला, फोन लावला. एस्तेरने भाच्याच्या मोबाइलवर व्हिडिओ आधीच पाहिला होता. ती म्हणाली, ही आपली सोमी, आम्ही बरोबरीने मजुरीला जायचो. पण हे गाणं कधी ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं. ये आणि तिलाच विचार, म्हणाली.

नवापूर स्टेशनवर मामेभाऊ स्टीफन घ्यायला आला. दुसऱ्या दिवशी एस्तेरला घेऊन तिघं एकाच मोटरसायकलवर सोमीबाईच्या पाड्यावर गेले. सोमीबाई ओसरीवर बांबूचे कोंब चिरत बसली होती. सिनेमातलं गाणं तिने कधी ऐकलंच नव्हतं. लिडियाने वाजवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा लावायला सांगितलं.

“हे तर तुझंच,” ती म्हणाली. “एवढीशी होतीस. वाट तापायची, तू रडत रडत हे म्हणत चालायचीस. मी नुसतं पुढे वाढवलं.”

लिडियाचा जीव भांड्यात पडला. हे मोबाइलवर घे, असं ती स्टीफनला सांगत होती, तेवढ्यात सोमीबाईची सुरी थांबली.

“नाहीतर धनू म्हणत असेल.”

“कोण धनू?”

सोमीबाईने एस्तेरकडे पाहिलं. सांगितलं ते एस्तेरनेच. धनू ही सोमीबाईची मुलगी, लिडियाच्याच वयाची. आया पुढे आणि या दोघी मागे. ऊसतोडीच्या मुक्कामावर ताप येऊन धनू गेली, तेव्हा दोघी सहा वर्षांच्या होत्या. धनू कधी येणार, असं लिडिया वर्षभर विचारत राहिली. मग विचारायची थांबली आणि एस्तेरनेही पुन्हा विषय काढला नाही.

लिडियाला काही आठवेना. चेहरा नाही, आवाज नाही. ती वाट आपण एकटीच चाललो, असंच ती आजवर समजत होती.

“मावशी, नीट आठव. मी म्हणायचे की ती?”

“माझ्या डोक्यावर भारा असायचा, बाई. मागून आवाज यायचा. कुणाच्या तोंडून, ते मला कसं कळणार?”

लिडियाने तिथूनच निर्मात्याच्या ऑफिसात फोन केला. ओळ माझी आहे असं लिहून देता येत नाही, पारंपरिक तर ती नाहीच. दोन मुलींपैकी एकीची आहे आणि त्यातली एक मी, असं तिने सांगितलं. पलीकडच्या माणसाने तुमची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. मग धनूचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आईची संमती मागितली. जन्मसाल सोमीबाईला ठाऊक नव्हतं. पूल वाहून गेला त्या वर्षी झाली, म्हणाली. तो पूल कधी वाहून गेला यावर स्टीफन आणि एस्तेरचं एकमत झालं नाही. शेवटी लिडियाचंच जन्मसाल घातलं. अंगठा देण्याआधी सोमीबाईने विचारलं, याने काय होईल?

“गाण्याखाली धनूचं नाव येईल. माझ्या नावाशेजारी.”

“येऊ दे,” सोमीबाई म्हणाली.

पुढच्या कार्यक्रमात लिडियाने सगळं सांगितलं. रिक्षातली गोष्ट बहुधा खोटी होती, हेही. महिन्याभरात गाण्याखाली दोन नावं दिसू लागली. चोर म्हणणारे तिला मोठ्या मनाची म्हणू लागले, आणि ते वाचणं तिला आणखी जड गेलं. ओळ आपलीच असेल, तर न आठवणाऱ्या मुलीला आपण ती उगाच दिली. धनूची असेल, तर अर्धी अजून आपल्याकडेच आहे. यातलं खरं काय, हे सांगणारं कुणी नव्हतं.

नाताळात घरी आल्यावर तिने एस्तेरला विचारलं, धनू दिसायला कशी होती?

“कुरळ्या केसांची,” एस्तेर म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “नाही. कुरळे केस तुझे होते.” मग लिडियाच्या सरळ केसांकडे बघून म्हणाली, “आता मलाही नक्की सांगता येत नाही.”